रांजणातले खडे : मारेकरी, पोरके मूल आणि पापाचा हिशेब

१

मारेकरी आणि पोरके मूल यांना एकत्र आणणारा एक कथाबंध जगभरच्या गुन्हेगारीपटांत स्थिरावलेला आहे. माणसे मारणे हा ज्याचा व्यवसाय आहे, ज्याला घर नाही, नातेवाईक नाहीत, आणि मारल्या गेलेल्यांविषयी ज्याच्या मनात काही शिल्लक उरलेले दिसत नाही, अशा एका माणसाच्या दारात एक मूल येऊन उभे राहते. त्याचे आईवडील नुकतेच मारले गेलेले असतात. तो माणूस आधी नकार देऊ पाहतो, मग दार उघडतो; आणि ज्या हातांनी आजवर जीव घेतले त्याच हातांवर एक जीव वाचवण्याचे काम येऊन पडते. अखेरीस तो मुलासाठी मरतो. मूल जगते. प्रेक्षक डोळे पुसत बाहेर पडतो.

ल्यूक बेसाँ या फ्रेंच दिग्दर्शकाच्या 'लिऑन' (१९९४) या चित्रपटात हा कथाबंध अतिशय ठसठशीत रूपात आढळतो. न्यूयॉर्कमधील एका इमारतीत राहणारा लिऑन सुपारी घेऊन माणसे मारतो. दूध पितो, कुंडीतल्या एका रोपट्याची निगा राखतो, आणि झोपतोही खुर्चीत बसून. शेजारचे कुटुंब अंमली पदार्थविरोधी खात्यातील एका भ्रष्ट अधिकाऱ्याच्या टोळीकडून मारले जाते. बाजारातून परतलेली माथिल्डा नावाची मुलगी आपल्या घराचे उघडे दार पाहूनही थांबत नाही; तशीच पुढे चालत लिऑनच्या दारापाशी येते आणि घंटा वाजवते. काही क्षण दार उघडत नाही. ते उघडावे म्हणून आपण श्वास रोखून धरतो आणि आतला माणूस कोण आहे हे त्या क्षणांपुरते विसरून जातो.

हे विसरणे हाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे. एका मुलाचे रक्षण केल्याने आधी केलेल्या हत्यांचे काही होते काय? होत असेल तर नेमके काय होते? पाप फिटते, झाकले जाते, की तसेच राहते आणि त्याच्या शेजारी एक पुण्य येऊन बसते? 'त्या माणसाचा उद्धार झाला' असे आपल्याला वाटते. परंतु असे वाटणे आणि असे असणे यांत अंतर आहे, आणि ते बुजवण्याचे काम कथन कोणत्या मार्गाने करते हे तपासणे समीक्षेचे कर्तव्य आहे.

२

कथनाने घेतलेले निर्णय हे बहुधा तंत्राचे निर्णय म्हणून पाहिले जातात. वस्तुतः ते नैतिक निर्णयही असतात. या कथाबंधात असे किमान चार निर्णय दिसतात.

पहिला निर्णय बळींविषयीचा. मारेकऱ्याने पूर्वी ज्यांना मारले त्यांना चेहरा नसतो. ते अंगरक्षक असतात, दलाल असतात, जिन्यावरून कोसळणारी शरीरे असतात. त्यांच्या घरी कोणी मूल वाट पाहत होते काय, हा प्रश्न कथनात शिरू दिला जात नाही. जगातील सर्व पोरकेपण एका मुलाच्या ठिकाणी गोळा केले जाते. मारेकऱ्याच्या हातून आजवर किती मुले पोरकी झाली, हे मात्र मोजायचे राहून जाते.

दुसरा निर्णय प्रतिपक्षाविषयीचा. मारेकऱ्यापेक्षा अधिक नीच असा कोणी समोर उभा केला जातो, बहुधा कायद्याच्याच वेषात. त्यामुळे मारेकऱ्याचे नियम, म्हणजे स्त्रिया आणि मुले यांना मारायचे नाही ही त्याची अट, एकदम नीतीसारखे दिसू लागतात. धंद्याची शिस्त आणि नैतिक संयम यांतला फरक पुसला जातो.

तिसरा निर्णय मुलाविषयीचा. मुलाला दुसरे कोणी नसते. आजी नाही, मावशी नाही, शाळेतले शिक्षक नाहीत, अनाथालय असले तर ते भयावह. मूल आणि मारेकरी यांच्यामधला समाज काढून टाकला, की मारेकऱ्याचे दार हेच एकमेव दार उरते. ही अपरिहार्यता परिस्थितीने निर्माण केलेली नसते, लेखकाने केलेली असते.

चौथा निर्णय शेवटाविषयीचा. मारेकरी मरतो. त्याचे मरण एकाच वेळी शिक्षा आणि बलिदान असे दुहेरी काम करते, म्हणून दोन्ही बाजूंचे हिशेब मिटल्यासारखे वाटतात. शिवाय तो मेल्यामुळे त्याला त्या मुलाला वाढवावे लागत नाही. मुलाला ताप येणे, मुलाने उलट बोलणे, पंधराव्या वर्षी त्याने 'तुम्ही काय काम करत होतात?' असे विचारणे, यांतले काहीही त्याच्या वाट्याला येत नाही. या चित्रपटांत रक्षण आहे, पालन नाही.

आपल्याकडे 'बिच्छू' (२००० ) या हिंदी चित्रपटाने 'लिऑन'चा हाच साचा उचलला तेव्हा मुलीचे वय वाढवले गेले, बालिकेच्या जागी तरुणी आली आणि कथा प्रेमकथेकडे वळली. हा बदल धंद्याच्या सोयीचा असेल; पण त्यातून एक गोष्ट उघड होते. या कथाबंधात मुलाचे मूलपण तितकेसे आवश्यक नसते. मारेकऱ्याला क्षमा करील असे कोणीतरी असणे आवश्यक असते. मूल तेथे न्यायाधीशाच्या जागी बसवलेले असते, आणि त्याने निर्दोष सोडावे ही व्यवस्था आधीच झालेली असते.

३

याच साच्यात राहून त्याला आतून प्रश्न विचारणारा एक चित्रपट तमिळमध्ये झाला. मिष्किन यांच्या 'ओनायुम आट्टुकुट्टियुम' (२०१३), म्हणजे 'लांडगा आणि कोकरू', या चित्रपटात एक वैद्यकीय विद्यार्थी रात्री रस्त्यावर जखमी पडलेल्या माणसाला घरी आणून वाचवतो. हा माणूस पोलिसांना हवा असलेला मारेकरी आहे, हे त्याला नंतर कळते. पुढे उलगडते ते असे : या मारेकऱ्याच्या हातून चुकून एक तरुण मारला गेला होता. त्या तरुणाचे कुटुंब अंध आहे. त्या कुटुंबाचा सांभाळ करण्याचे काम मारेकऱ्याने स्वतःवर घेतले आहे. स्मशानातल्या एका दीर्घ दृश्यात तो घरातल्या लहान मुलीला आपली हकीकत सांगतो, पण लांडग्याची आणि कोकरांची गोष्ट म्हणून.

'लिऑन'मध्ये मुलीला पोरके करणारा दुसराच कोणी आहे. येथे रक्षणकर्ता आणि घर उजाड करणारा एकच आहे. त्यामुळे त्याचे रक्षण दयेतून आलेले नाही, देण्यातून आलेले आहे. आणि तो हकीकत सांगतो. प्रत्यक्ष शब्दांत सांगण्याचे धैर्य त्याला होत नाही हे खरे. पण त्याला गोष्टीचा आधार घ्यावासा वाटणे यातच, ज्याचे नुकसान केले त्याच्यासमोर हिशेब मांडल्यावाचून सुटका नाही, ही जाणीव आहे. बळीला चेहरा मिळताच 'उद्धार' हा शब्द उच्चारणे कठीण होऊन बसते, हे या चित्रपटाचे श्रेय होय.

४

या सगळ्याचा विचार करताना मला एका वर्गातला प्रसंग आठवतो. घोडेगावच्या परिसरात विद्यार्थ्यांच्या एका शिबिरात लोककथेच्या अर्थनिर्णयनाविषयी बोलण्यासाठी मी गेलो होतो. समोर जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांतली मुले होती. पूर्वेकडच्या बागायती गावांतली, आणि पश्चिमेकडच्या डोंगरपट्ट्यातली, ज्यांत महादेव कोळी समाजातील मुले बरीच होती. उदाहरण म्हणून मी सर्वांना ठाऊक असलेली वाल्या कोळ्याची कथा घेतली. वाटसरूंना मारणारा वाल्या प्रत्येक हत्येमागे एक खडा रांजणात टाकतो. असे सात रांजण भरतात. नारद त्याला विचारतात की ज्यांच्यासाठी तू हे करतोस ती बायकोमुले तुझ्या पापाची वाटेकरी होतील काय? तो घरी जाऊन विचारतो. कोणीही वाटेकरी व्हायला तयार होत नाही. मग नामजप, वारूळ, आणि वाल्याचा वाल्मीकी.

मी बोलायचे थांबल्यावर मागच्या बाकावरच्या एका मुलाने विचारले, "सर, त्या रांजणातल्या खड्यांचं पुढं काय झालं?"

वर्ग हसला. मला हसता आले नाही, कारण मला उत्तर माहीत नव्हते. मी लहानपणापासून ही कथा ऐकत आलो, पण ते रांजण कोणी रिकामे केल्याचे मी ऐकलेले नाही. आपल्या परिचयाच्या कथनात ते तसेच भरलेले राहतात. वाल्या ऋषी होतो, परंतु एकही खडा बाहेर पडत नाही. लोककथेने येथे एक विलक्षण शहाणपण दाखवले आहे असे मला नंतर वाटू लागले. माणूस बदलतो, मोजलेले मोजलेलेच राहते.

पश्चिमेकडच्या एका गावातून आलेल्या मुलीने त्यानंतर दुसरा प्रश्न विचारला, आणि तो अधिक टोचणारा होता. "पण सर, गोष्टीतला दरोडेखोर कोळीच का?" या प्रश्नाला टाळता येण्याजोगे उत्तर नाही. वाल्मीकिरामायणाच्या उत्तरकांडात वाल्मीकी स्वतःची ओळख प्रचेतसाचा दहावा पुत्र अशी सांगतात आणि आपण कधी असत्य बोललो नाही असेही म्हणतात. तेथे दरोडेखोर नाही. अध्यात्मरामायणात दरोडेखोरी येते, पण तेथे तो जन्माने ब्राह्मण असून किरातांच्या संगतीत वाढलेला आहे. म्हणजे तेथेही दोष 'संगती'वर, वनवासी माणसांवर ढकललेला आहेच. मराठी लोककथेत तो थेट कोळी होतो. पाप एका माणसाचे आणि नाव एका समाजाचे, अशी ही विभागणी आहे.

ज्या प्रदेशात हा प्रश्न विचारला गेला तेथे त्याला इतिहासाचे वजन आहे. सतराव्या शतकात मोगलांनी बंड करणाऱ्या महादेव कोळ्यांना जुन्नरला आणून त्यांचा शिरच्छेद केला, अशी परंपरा आहे. शिवनेरीवरचा कोळी चौथरा त्या आठवणीशी जोडला जातो. १८७३ ते १८७६ या काळात या डोंगरपट्ट्यात होन्या केंगले याने सावकारांविरुद्ध उठाव केला. इंग्रजांच्या कागदपत्रांत तो दरोडेखोर आहे, येथील लोकस्मृतीत तो क्रांतिकारक आहे. 'अट्टल मारेकरी' हे वर्णन कोण कोणाविषयी आणि कोणत्या कागदावर करतो, हे विचारल्याशिवाय मारेकऱ्याच्या उद्धाराच्या गोष्टी सांगू नयेत, एवढे तरी त्या मुलीच्या प्रश्नातून मी शिकलो. गुन्हेगारीपटांनाही हा प्रश्न लागू पडतो. त्यांतला मारेकरी बहुधा परका, स्थलांतरित, अर्धशिक्षित असतो. लिऑन इटलीतून आलेला आहे आणि त्याला धड लिहितावाचता येत नाही.

५

या आक्षेपाचे भान ठेवून वाल्याच्या कथेकडे पुन्हा पाहिले, तर तिची रचना गुन्हेगारीपटाच्या नेमकी उलट असल्याचे दिसते. चित्रपटात मूल आधी येते आणि त्याच्यामुळे मारेकरी बदलतो. वाल्याच्या कथेत मूल अगदी शेवटी येते. आधी हिशेब, मग एकटेपणाची जाणीव, मग वारुळातली वर्षे. सीता गर्भवती अवस्थेत आश्रमाजवळ सोडली जाते ती त्यानंतर. लव आणि कुश हे वाल्मीकीच्या प्रायश्चित्ताचे साधन नाहीत. त्याने आपले देणे आपल्या अंगावर घेतल्यानंतर त्याच्या स्वाधीन झालेली ती मुले आहेत. पापाचा वाटेकरी कोणी होत नाही हे ज्याला बायकोमुलांनीच शिकवले, तो आश्रमातल्या मुलांना आपल्या पुण्याचे वाटेकरी तरी कसे करील?

दोन परंपरा शेजारी ठेवल्या तर आणखी एक अर्थ हाती लागतो. क्रौंच पक्ष्याला मारणाऱ्या निषादाला वाल्मीकी शाप देतो. रामायणातल्या निष्कलंक ऋषीने तो दिला तर ती करुणा आहे. परंतु सात रांजण भरलेल्या वाल्याने तो दिला असे धरले, तर एका पक्ष्यासाठी दुसऱ्याला शापणारा हा माणूस आधी स्वतःलाच ओळखत असला पाहिजे. लोकमानसाने हे दोघे एकच मानले, तेव्हा काव्याच्या उगमाशी केवळ शोक न राहता स्वतःच्या हातांची ओळखही येऊन बसली.

कथासरित्सागरातली कुशाच्या जन्माची कथाही येथे स्मरते. लोकपरंपरेतही ती निरनिराळ्या रूपांत सांगितली जाते. सीता बाळ लवाला बरोबर घेऊन स्नानाला जाते. ऋषी झोपडीत पाहतो तो बाळ नाही. एखाद्या श्वापदाने नेले असावे या भयाने, आणि आईला काय सांगायचे या विचाराने, तो कुशगवतापासून तसेच दुसरे बाळ घडवतो. सीता लवाला घेऊन परत येते तेव्हा समोर दुसरा. रक्षणकर्त्याचे एवढे खरे चित्र मला क्वचितच भेटले आहे. त्याच्या हातून काही पराक्रम होत नाही. तो घाबरतो, चुकतो, आणि चुकीला लपवू न शकल्यामुळे दोन मुलांना वाढवू लागतो. आणि पुढे? तो त्यांना त्यांच्याच बापाची कथा शिकवतो आणि ती गात त्यांना बापाच्या दरबारात जाऊ देतो. मुलांना स्वतःजवळ धरून ठेवण्यासाठी नव्हे, त्यांना त्यांची ओळख परत मिळावी म्हणून तो आपली सर्वांत मोठी निर्मिती खर्च करतो.

पालन म्हणजे हे असेल, तर त्याला लागतो तो काळ गुन्हेगारीपटापाशी नसतो. व्ही. शांताराम यांच्या 'दो आँखें बारह हाथ' (१९५७) या चित्रपटाची कथा ग. दि. माडगूळकरांची; तिच्यामागे औंध संस्थानात १९३९ मध्ये आटपाडीजवळ स्वतंत्रपूर येथे सुरू झालेला खुल्या तुरुंगाचा प्रयोग होता. चित्रपटात खुनाची शिक्षा भोगणारे सहा कैदी एका जेलरच्या विश्वासावर माळरान पिकवतात, आणि शेवटी तो जेलर प्राण देतो. स्वतंत्रपूरच्या वसाहतीचे खरे वैशिष्ट्य मात्र कमी नाट्यपूर्ण आहे : तेथे कैद्यांना कुटुंबासह राहता येते. ज्याच्या हातून खून झाला तो माणूस सकाळी शेतात जातो आणि संध्याकाळी मुलांपाशी परत येतो. पडद्यावर हे दाखवणे कठीण, कारण त्यात काही घडत नाही. पण नैतिकदृष्ट्या घडण्याजोगे बरेचसे त्यातच घडते.

६

येथे एक आक्षेप संभवतो. रक्षणकर्त्याचा हेतू कोणताही असो, मूल वाचले की नाही? वाचले असेल तर हेतूची एवढी चिकित्सा कशाला? हा आक्षेप हलका नाही. माथिल्डासाठी दार उघडले गेले हे निःसंशय चांगले आहे. ते उघडणाऱ्याचे मन शुद्ध होते काय हे विचारत बसणे त्या क्षणी क्रूरपणाचे ठरेल.

तथापि, हेतूचा प्रश्न मूल वाचल्यानंतर उभा राहतो. जुन्नर तालुक्यातच त्याचे एक ऐतिहासिक उदाहरण आहे. १६३३ मध्ये दौलताबाद मोगलांच्या हाती पडले आणि निजामशाहीचा बालराजा कैद झाला. तेव्हा शहाजीराजांनी नाणेघाटाच्या तोंडाशी असलेल्या जीवधन किल्ल्यावरचा, त्याच राजघराण्यातला दुसरा एक बालक, मुर्तजा, बाहेर आणला आणि पेमगिरीवर त्याला गादीवर बसवून त्याच्या नावाने राज्य चालवले. सुमारे तीन वर्षे ते दोन बलाढ्य सत्तांशी झुंजले. १६३६ मध्ये माहुलीच्या वेढ्यात तह झाला, बालक मोगलांच्या स्वाधीन करावा लागला आणि शहाजीराजे आदिलशाहीत गेले.

शहाजीराजे मारेकरी नव्हते; ते आपल्या काळातले एक थोर सेनानी होते, आणि त्या तहावाचून त्यांच्यापुढे दुसरा मार्ग उरला नव्हता. हे उदाहरण मी त्यांना दोष देण्यासाठी घेतलेले नाही. यातून दिसते ते एवढेच की ज्या मुलाला त्याच्या उपयोगासाठी जपले जाते, त्याचे रक्षण तो उपयोग असेपर्यंतच टिकते. रक्षणकर्ता कितीही शूर आणि सज्जन असो. राजकारणातल्या रक्षणकर्त्याला मुलाच्या नावाची गरज असते. गुन्हेगारीपटातल्या मारेकऱ्याला मुलाच्या प्रेमाची आणि क्षमेची गरज असते. दुसरी गरज पहिलीपेक्षा हळवी आहे, पण गरजच आहे. शिवनेरीवर १६३० मध्ये जन्मलेल्या मुलाची कथा आपण शतकानुशतके सांगत आलो. जीवधनावरून खाली आणलेल्या मुलाचे पुढे काय झाले हे आपण क्वचितच विचारतो. साधन झालेल्या मुलाला स्वतःची कथा उरत नाही.

७

शेवटी याच दोन तालुक्यांत आज घडणारी एक गोष्ट सांगून हा विचार पुरा करतो.

कुकडी प्रकल्पाच्या धरणांनी आणि कालव्यांनी जुन्नर-आंबेगावच्या पूर्व भागात ऊस आणला, आणि बिबट्या त्या उसात राहू लागला. उसातच माद्या वितात. माणसे, विशेषतः मुले, बिबट्याच्या हल्ल्यांत दगावली आहेत. २००१च्या सुमारास हे हल्ले फार वाढले होते आणि अलीकडच्या वर्षांतही या पट्ट्यात अशा मृत्यूंनी गावे हादरली आहेत. श्वापदाला मारेकरी म्हणण्याची चूक मला करायची नाही. पशूला पाप नसते, म्हणून त्याला उद्धारही नसतो. माझा विषय येथे माणसे हा आहे.

ऊसतोडीच्या हंगामात मजुरांना सरीत बिबट्याची पिल्ले सापडतात, कधी डोळेही न उघडलेली. आई तोडणीच्या आवाजाने दूर गेलेली असते. वनखात्याला कळवले जाते. माणिकडोहच्या बिबट निवारण केंद्रातले पशुवैद्यक येऊन पिल्ले तपासतात. मग त्याच जागी, संध्याकाळी, पिल्लांना एका खोक्यात ठेवून माणसे मागे सरतात. पुष्कळदा रात्री आई येते आणि एकेक पिल्लू तोंडात धरून घेऊन जाते. दूर लावलेल्या कॅमेऱ्यात तेवढे टिपले जाते.

यात भाबडेपणा नाही. पिल्लू न भेटलेली मादी पिसाळते आणि अधिक धोकादायक होते, हा व्यवहारही त्यामागे आहे. वनखात्यावर गावांचा रोष असतो आणि तो पुष्कळदा रास्त असतो. तरीही त्या कृतीचे स्वरूप मला विचार करायला लावते. ज्या शेतात आपल्या पोरांना एकटे सोडायची भीती वाटते, त्याच शेतात ही माणसे ज्याची भीती वाटते त्याच्याच पोरक्या होऊ घातलेल्या पिल्लाला जपतात. त्या पिल्लाकडून त्यांना प्रेम नको आहे, कृतज्ञता नको आहे, स्वतःच्या चांगुलपणाचा दाखलाही नको आहे. पिल्लाला कोण हवे आहे हे त्यांना ठाऊक आहे, आणि ते आपण नाही हेही ठाऊक आहे. म्हणून ते मागे सरतात.

मागे सरणे हीच रक्षणाची खरी कसोटी आहे असे मला वाटते. रक्षणकर्ता कोण होता, त्याचे हात किती रक्ताळलेले होते, यावर ती अवलंबून नाही. अट्टल मारेकरीही तिला उतरू शकतो. ज्याला वाचवले त्याला आपल्या क्षमेचा स्रोत न करता त्याच्या स्वतःच्या आयुष्याकडे जाऊ देणे, एवढेच तिचे म्हणणे आहे. वाल्मीकीने लव-कुशांना दरबाराकडे जाऊ दिले. 'लिऑन'च्या शेवटी माथिल्डा शाळेच्या मैदानात ते कुंडीतले रोपटे मातीत लावते, तेव्हा त्या चित्रपटालाही हे क्षणभर उमगले असावे. पण त्यासाठी मारेकऱ्याला आधी मरावे लागले. जिवंत राहून मागे सरणे हे मरण्याहून कठीण आहे.

आणि रांजण? ते भरलेलेच राहतात. एका मुलाला वाचवल्याने एकही खडा कमी होत नाही, आणि तो कमी व्हावा म्हणून ज्याने मूल वाचवले त्याने त्या मुलालाही एका खड्याएवढेच मोजले. ज्यांना मारले त्यांचा हिशेब त्यांच्याच घरच्यांपाशी मागायचा असतो, आणि तो बहुधा फिटत नाही. मूल वाचवावे ते मुलासाठी. हे दोन हिशेब एकमेकांत मिसळण्याचा मोह ही आपल्या काळच्या मनोरंजनाची मोठी सोय आहे. घोडेगावच्या त्या मुलाला आता उत्तर द्यायचे झाले तर मी एवढेच सांगेन : खडे आहेत तिथेच आहेत. वाल्मीकीला ते रोज दिसत असावेत, आणि त्यांच्याकडे पाहतच त्याने दोन मुलांना वाढवले.